कॉव्हेंट्रीचं स्वस्त तिकीट

१

फ्रिजच्या दारावर बोटीचं चुंबक होतं. त्याच्याखाली कौन्सिल कचरा कधी नेणार त्याचा कागद होता. पण काल रात्री त्या कागदावर अडकवलेली दोन तिकिटं मात्र नव्हती.

सुनीतीताईंनी दोनदा पाहिलं.

त्यांनी चुंबक उचललं, कागद झटकला, गुडघे कुरकुरत असताना खाली वाकून फ्रिजच्या तळाशी लाटणं फिरवलं. एक वाळका मटार निघाला. मग त्यांनी फ्रिज उघडूनही पाहिला. तिकिटं काय गार व्हायला आत जाऊन बसणार होती? पण घाबरलेलं माणूस काहीही उघडून बघतं.

आज सोमवार, बँक हॉलिडेची सगळ्यांना सुट्टी. उद्या मंगळवारी सकाळी कॉव्हेंट्रीची गाडी. आणि बुधवारी तिथल्या हॉस्पिटलात त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अलकाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन. "छोटंसं आहे गं, चार दिवसांत घरी," असं अलका फोनवर म्हणाली होती. पण मग थोडं थांबून तिने विचारलं होतं, "आदल्या दिवशी येशील ना? रात्री एकटीला नको वाटतं." लग्न होऊन परदेशी गेली त्या दिवसापासून अलकाने माहेरच्या कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता नवरा नाही, मुलगा ऑस्ट्रेलियात. सुनीतीताईंनी शब्द दिला होता, "येते म्हणजे येतेच."

आणि आता तिकिटं नव्हती.

सुनीतीताई मूळच्या साताऱ्याच्या. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. विमानाला घाबरून नवरा घरीच राहिला, तेव्हा त्या एकट्याच मुलीकडे, देविकाकडे, लंडनच्या हॅरो भागात आल्या होत्या. युरोपात पहिल्यांदाच पाऊल. यायच्या आधी त्यांना वाटायचं, स्टेशनावर जायचं, खिडकीत हात घालून तिकीट घ्यायचं आणि गाडीत डबा उघडून बसायचं. इथे आल्यावर कळलं की रेल्वेचं भाडं इथे कोथिंबिरीच्या भावासारखं चढतं-उतरतं. एकाच गाडीत शेजारीशेजारी बसलेल्या दोघांत एकाने दुसऱ्याच्या कितीतरी पट मोजलेले असतात. देविकाच्या नवऱ्याने, स्वानंदने, ऐन वेळच्या तिकिटाचा दर दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो स्वानंद, मला गाडीत बसायचंय. गाडी विकत नाही घ्यायची!"

तिकीट देविकाने काढलं असतं, काय अडलं होतं? दोघं नवराबायको डॉक्टर. पण सुनीतीताईंनी हट्टच धरला होता. बहिणीला भेटायला जायचं ते आपल्या पेन्शनीतून, आपल्या पायांनी, एकटीने.

मग मदतीला धावून आल्या त्या शशीताई. स्वानंदची आई, म्हणजे सुनीतीताईंची विहीण. निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या, आता तोच डोळा रेल्वेच्या भाड्यांना लावला होता. आयपॅड मांडीवर घेऊन त्या हुकमी आवाजात सांगत होत्या, "फास्ट गाडी नको. नॉर्थॅम्प्टनवरून रमतगमत जाते ती घ्यायची. आणि सलग तिकीट काढायचंच नाही. लंडन ते नॉर्थॅम्प्टन एक, नॉर्थॅम्प्टन ते कॉव्हेंट्री दुसरं. गाडी तीच, तुम्ही जागेवरून हलायचं नाही, पण दोन तुकडे मिळून निम्म्यात प्रवास. आणि एक लक्षात ठेवा सुनीतीताई, इथे जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. दिवस जवळ आला की दर चढलाच. याला अपवाद नाही."

फोनवरचं तिकीट सुनीतीताईंना नको होतं. फोनची बॅटरी संपली तर? म्हणून शशीताई स्वतः स्टेशनावर गेल्या, मशीनमधून नारिंगी पट्ट्यांची छापील तिकिटं काढली, स्टेशनासमोरच राहणाऱ्या मीनल नावाच्या मैत्रिणीकडे चहा प्यायल्या आणि विजयी वीरासारख्या घरी आल्या.

अशी स्वस्त तिकिटं त्याच दिवसाची, त्याच गाडीची. हरवली की गेली. दुसरी छापून देत नाहीत.

"देविका!" सुनीतीताईंनी हाक मारली, आणि आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

२

देविका जिना उतरून आली. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि सुनीतीताई ज्या वाक्याला भीत होत्या तेच बोलली.

"आई, तूच कुठेतरी जपून ठेवली असशील."

"मी हात लावला नाही गं."

"मागच्या आठवड्यात पासपोर्ट तांदळाच्या डब्यात सापडला होता."

तो सापडलाच होता.

"जाऊ दे ना," देविका आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "एक प्रकारे बरंच झालं. तू एकटी जाणार म्हणून माझाच जीव टांगणीला लागला होता. उद्या मला क्लिनिक आहे, स्वानंदची ऑन-कॉल ड्यूटी. शनिवारी मी तुला कारने सोडते. मावशीचं रूटीन ऑपरेशन आहे. शनिवारी ती घरी असेल, तेव्हाच तुझी खरी मदत होईल."

"मी शब्द दिलाय देविका. आदल्या दिवशीचा."

"चारपर्यंत शोधू. नाही मिळाली तर मी मावशीला फोन करून सांगते."

सुनीतीताईंनी लेकीकडे बघितलं. हिला मी जायला नकोच होतं. हिनेच तर नाही? मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पोटच्या पोरीवर संशय! पण वसतिगृहात त्यांनी कैक मुलींच्या गादीखालून कैक वस्तू काढल्या होत्या, आणि मायेपोटी लपवलेली वस्तू शोधायला सगळ्यात अवघड, हे त्यांना ठाऊक होतं.

स्वानंद बागेतून आत आला. हातात रिसायकलिंगचा निळा डबा.

"आई, मी सकाळी किचनमधले पेपर टाकले खरे," तो कान खाजवत म्हणाला. "पिझ्झाचे फ्लायर्स वगैरे. तिकिटं नव्हती बहुतेक."

"बहुतेक?"

बिचाऱ्याने तो डबा पॅटिओवर उपडा केला. जावई गुडघ्यांवर, सासू गुडघ्यांवर, आणि मध्ये आठवडाभराचा कागद. चीजची पाकिटं निघाली, पार्किंगचा दंड निघाला, तो बघून देविकाने स्वानंदकडे बघितलं. तिकिटं निघाली नाहीत.

मग अनुयाची पाळी. नात एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आलेली. तिच्या उशाशी पुस्तक होतं आणि पुस्तकात नारिंगी पट्ट्याचं तिकीट! सुनीतीताईंनी झडपच घातली.

"सुनीआजी, नो! तो माझा जुना तिकीट आहे, बुकमार्क आहे," अनुया डोळे चोळत उठली. "तुमचा नाही. बघा, लीड्सचा आहे. मी तर सकाळी रनला गेली होती, मग परत झोपली. शशीआजीला विचारा. पण तो पण पार्कमध्ये नव्हता आज."

"शशीआजी पार्कात नव्हत्या?"

"रोज बेंचवर बसतो ना. आज नव्हता."

सुनीतीताईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. सकाळी फिरायला कोण कुठे जाईल! त्या खाली आल्या तेव्हा शशीताई डायनिंग टेबलाशी बसून टोस्टला बटर लावत होत्या. एवढी पळापळ चालली होती, पण ही बाई कधी नव्हे ती गप्प होती.

"शशीताई, तुम्ही नाही ना पाहिलीत तिकिटं?"

शशीताईंनी सुरी खाली ठेवली. "सुनीतीताई, घर कशाला उलथंपालथं करताय? घरात शोधून काय उपयोग? तुम्ही बॅग भरा. उद्या तुम्ही जाणार आहात."

"मम्मी, तिकिटंच नाहीत तर कशा जातील?" देविका म्हणाली. "मी नवीन काढू का? दर बघून डोळे पांढरे होतील, पण..."

"नवीन काढायचं नाही," शशीताई एकदम म्हणाल्या. "शनिवारी नाही, नवीन नाही. उद्याच. त्याच गाडीने."

त्या उठून बागेत निघून गेल्या. टोस्ट तसाच राहिला. आणि सुनीतीताईंच्या मनात पहिल्यांदाच पाल चुकचुकली. तिकिटं घरात नाहीत, हे या बाईला कसं माहीत?

३

विहिणीवर चोरीचा आळ! लेकीचं सासर हे. उद्या आपण साताऱ्याला परत जाऊ, लेकीला इथेच राहायचंय. आणि शशीताईंनी तिकिटं घ्यावीत तरी कशाला? आपणच दोन दिवस डोळे फोडून काढलेली! आपल्या हाताने लाडू वळायचे आणि आपणच ते गटारात टाकायचे, असं कोण करतं?

घड्याळ पुढे सरकत होतं. चार वाजता देविका फोन करणार. पलीकडे अलका म्हणणार, "असू दे गं, काही हरकत नाही," आणि मग उद्याच्या रात्री ती एकटीच दिवा चालू ठेवून पडून राहणार. सुनीतीताईंना ते दिसायला लागलं आणि त्यांना रडूच आलं. त्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या. मग तोंड धुऊन आरशासमोर उभ्या राहिल्या.

"रेक्टर ना गं तू?" त्यांनी स्वतःला दटावलं.

वसतिगृहात वस्तू हरवली की त्यांचा एक कायदा असे. काय हरवलं ते सगळेच विचारतात. आपण विचारायचं, आणखी काय हरवलं? चोर एक वस्तू नेतो. ज्याच्या मनात काही वेगळंच असतं, तो भलत्याच चार वस्तू नेतो, आणि त्या चार शेजारीशेजारी मांडल्या की मन दिसतं.

त्या घरभर फिरल्या, आता तिकिटं न शोधता.

दाराशेजारच्या खुंटीवर त्यांचा निळा सुती स्कार्फ असायचा. गाडीत कानाला बांधायला म्हणून कालच इस्त्री करून टांगला होता. खुंटी मोकळी होती. स्कार्फ कुणाला हवा असेल, तोही धुऊन धुऊन विरलेला?

देवघरातल्या डबीत त्यांनी साताऱ्याहून आणलेली हळकुंडं आणि सुपाऱ्या होत्या. इथे आल्यापासून पूजा त्याच करत, डबीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. सुपाऱ्यांत एक कमी वाटली. हळकुंड तर नक्कीच एक कमी होतं, कारण त्यांनी जोडी ठेवली होती.

मग त्या चपलांच्या रॅकपाशी आल्या आणि वाकल्या. लाकडी जमिनीवर काही पांढरं पडलं होतं. तांदूळ. कच्चे तांदूळ, चिमूटभर, चिमटीतून रांगोळी सांडावी तसे. वर शशीताईंचा रेनकोट टांगलेला. सुनीतीताईंनी इकडेतिकडे बघितलं, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. विहिणीच्या खिशात हात घातला. खिशाच्या कोपऱ्यातही तांदूळ होते.

शशीताईंना डायबेटिस. भाताला त्या शिवतही नाहीत.

सुनीतीताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. हळकुंड, सुपारी, तांदूळ, अंगावरचं वस्त्र आणि तिकिटं. ही काय चोरी झाली? एखाद्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी उठून खिशात तांदूळ भरावेत आणि नेहमीचा पार्क सोडून भलतीकडेच जावं?

मग त्यांना परवाचं जेवण आठवलं.

साताऱ्याहून आणलेली दिनदर्शिका स्वयंपाकघरात टांगलेली होती, आणि तिच्यावर बघून त्या घाबरून म्हणाल्या होत्या, "अगंबाई, मंगळवारी अमावास्या! सोमवारी दुपारी लागते. अमावास्येचं निघायचं म्हणजे..." सगळे हसले. शशीताई सगळ्यांत मोठ्याने. "म्हणूनच गाडी स्वस्त, सुनीतीताई! गोऱ्यांनाही कळलंय." सुनीतीताई म्हणाल्या, "आमच्या आजीकडे यावर तोड होती," आणि ती तोड सांगणार एवढ्यात देविकाने गवारीची भाजी पुढे केली आणि विषय तिथेच बुडाला.

पण भात वाढून झाल्यावर शशीताईंनी पाण्याचा घोट घेत थट्टेनेच विचारलं होतं, "काय हो, तुमची अमावास्या साताऱ्याच्या घड्याळाने लागते की हॅरोच्या?"

पुन्हा सगळे हसले होते. सुनीतीताईंना आता हसू आलं नाही. थट्टा करणाऱ्याला घड्याळाशी काय करायचंय?

वरून देविकाचा आवाज आला, "आई, चार वाजत आले. मी मावशीला फोन लावतेय."

"थांब!" सुनीतीताई ओरडल्या. "तिकिटं कुठे आहेत ते मला कळलंय."

४

शशीताई बागेत गुलाबाची वाळकी फुलं कापत होत्या. सुनीतीताई त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मीनलकडे ठेवलंत ना?"

कात्री थांबली.

"आमची आजी असंच करायची," सुनीतीताई हळू आवाजात म्हणाल्या. "दिवस वाईट असेल आणि जाणं टळत नसेल, तर माणूस नाही निघायचं, पण त्याचं सामान आदल्या दिवशी चांगल्या वेळेला निघायचं. हळकुंड, सुपारी, तांदूळ, जाणाऱ्याच्या अंगावरचं एखादं वस्त्र. वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तिथेच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी माणसाने ते उचलायचं आणि पुढे जायचं. प्रस्थान ठेवणं म्हणतात याला, तुम्हाला मी काय सांगायचं! स्टेशनच्या वाटेवर तुमच्या ओळखीचं घर एकच. आणि तिथे अमावास्या लागायच्या आत जायचं, म्हणजे साताऱ्याच्या दुपारच्या आत, इथल्या घड्याळाने अगदी सकाळी. म्हणून तुम्ही पार्कात नव्हता."

शशीताईंनी एक वाळकं फूल कापून खाली टाकलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि एकदा ठेवलेलं प्रस्थान घरात परत आणायचं नसतं. म्हणून तुम्हाला तिकिटं परत आणताही येईनात. 'घरात शोधून काय उपयोग' म्हणालात ते अगदी खरंच होतं."

"माझी आई ठेवायची," शशीताई शेवटी म्हणाल्या. "मी तिला हसायचे. नुसता स्कार्फ पुरला असता हो. पण मला वाटलं, खरं निघणार ते तिकीटच. तेच ठेवावं. तुम्ही उठायच्या आत सांगणार होते. तर तुम्ही फ्रिजखाली लाटणं घालून बसलेल्या! मग सगळे जमले. त्या सगळ्यांची मी जन्मभर टर उडवलीय सुनीतीताई, प्रत्येक उपासाची, प्रत्येक नारळाची. तोंडच उघडेना. तुम्ही बाथरूममध्ये रडलात ते मला ऐकू आलं. स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती."

एरवी सुनीतीताई हसल्या असत्या. एवढी मोठी डॉक्टरीण आणि तांदळाची पुरचुंडी! पण हसू ओठांवर येता येता अडलं. त्यांच्या मनातल्या रेक्टरबाई अजून उठून गेल्या नव्हत्या.

"शशीताई, तुम्ही कशालाच न घाबरणाऱ्या. मग एवढ्याशा ऑपरेशनाला का घाबरलात?"

कात्रीने एक चांगलं उमललेलं फूल कापलं गेलं.

तेव्हा सुनीतीताईंना ती संध्याकाळ आठवली. शशीताई तिकिटं घेऊन आल्या, दोन होती, आणि सुनीतीताईंना वाटलं एक जायचं, एक यायचं. "छे, दोन्ही जायचीच," शशीताई म्हणाल्या. "मग यायचं?" शशीताई चष्मा पुसायला लागल्या. "येण्याचं नंतर बघू. नंतर स्वस्त होतात."

जितकं आधी तितकं स्वस्त. याला अपवाद नाही. हे कोण म्हणालं होतं?

आणि त्याच्या आदल्याच दिवशी अलकाचा फोन आला होता. बहिणीशी दोन मिनिटं बोलून ती म्हणाली, "जरा शशीताईंना दे." शशीताई फोन घेऊन इथेच, या गुलाबांपाशी आल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. पित्ताशयाच्या खड्यांबद्दल कुणी निवृत्त पॅथॉलॉजिस्टला कशाला विचारेल? पॅथॉलॉजिस्टला विचारतात ते एकाच गोष्टीबद्दल, गाठीच्या रिपोर्टबद्दल.

सुनीतीताईंनी कुंपणाचा आधार घेतला.

"परतीचं तिकीट का नाही काढलंत?"

शशीताईंनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. "मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिलाय. पेशंटला दिलेला शब्द मी आजवर मोडला नाही."

"मी काही विचारलं नाही," सुनीतीताई म्हणाल्या. "तुम्ही काही सांगितलं नाहीत."

पलीकडच्या बागेत कुणीतरी बार्बेक्यू पेटवला होता, त्याचा धूर येत होता. सुनीतीताईंनी त्या धुराच्या निमित्ताने डोळे पुसून घेतले. मग शशीताईंचा हात धरला. विहिणीचा हात त्यांनी मुलांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच धरला असेल.

आत सगळे वाट बघत होते. देविकाच्या हातात फोन तयार होता.

"सापडली," सुनीतीताई म्हणाल्या. "मीच सकाळी फिरायला गेले होते, तेव्हा बरोबर नेली आणि मीनलकडे विसरून आले. उद्या जाता जाता घेते."

"बघ!" देविका म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? तूच! आई, अशी तू एकटी..."

"हो गं बाई, मीच." त्यांनी ते निमूटपणे गिळलं.

"त्या एकट्याच जातील," मागून शशीताई म्हणाल्या. "आणि उद्याच."

५

मंगळवारी सकाळी मीनलने दारातच पुरचुंडी दिली. निळ्या स्कार्फची गाठ, आत तांदळाचा खुळखुळाट आणि दोन नारिंगी पट्ट्यांची तिकिटं. सोबत आलेल्या शशीताई बाहेर फाटकापाशी थांबल्या होत्या, हॅरोच्या स्टेशनकडे तोंड करून, जसं काही त्यांचा या प्रकाराशी संबंधच नाही.

"येते," सुनीतीताई म्हणाल्या.

"या," शशीताई म्हणाल्या. "नॉर्थॅम्प्टनला उतरू नका. सगळे उतरले तरी उतरू नका."

मेट्रोपॉलिटन लाइनने युस्टन स्क्वेअर, तिथून चालत युस्टन स्टेशन आणि मग कॉव्हेंट्रीची गाडी. नॉर्थॅम्प्टनला खरंच निम्मा डबा उतरला आणि गाडी उगाचच बराच वेळ उभी राहिली. सुनीतीताई पुरचुंडी पोटाशी धरून खुर्चीला चिकटून बसल्या. तिकिटाचा एक तुकडा संपला, दुसरा सुरू झाला. इंजिनने धक्का दिला तेव्हा त्यांनी श्वास सोडला, आणि मग सगळ्या वाटेत त्या फक्त एकाच गोष्टीची तयारी करत राहिल्या. चेहरा कसा ठेवायचा त्याची.

अलका कॉव्हेंट्रीच्या स्टेशनावर आली होती. अंगातला कोट तिचाच होता, पण खांद्यांवरून ढळत होता. फोटोंत तो कधी असा मोठा दिसला नव्हता. सुनीतीताईंनी तो बघितला आणि चेहरा ठरवला होता तसाच ठेवला.

"आलीस गं," अलका म्हणाली. "एकटी! गाडी बदलायची घाई झाली नाही ना?"

"बदलायची नव्हतीच. एकाच गाडीत दोन तिकिटं. तुमच्या देशात काय काय करतात बाई!"

अलका हसली. दोघी बाहेर निघाल्या. फाटकाजवळ अलकाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि परतीचं? परतीचं कधीचं काढलंयस?"

"काढलंच नाही," सुनीतीताई म्हणाल्या. "नंतर स्वस्त होतात म्हणे."

अलका थांबली. आयुष्य या देशात गेलं होतं तिचं. नवऱ्याच्या नोकरीपायी, मुलाच्या कॉलेजपायी या स्टेशनावरून तिने किती तिकिटं काढली असतील त्याला गणती नव्हती.

"असं कोण म्हणालं?"

"शशीताई."

अलकाने धाकट्या बहिणीकडे नीट बघितलं. लहानपणी ही शाळेतून मार खाऊन आली की बघायची तसं. सुनीतीताईंनी नजर चुकवली नाही. ओठ मात्र थरथरायला लागले, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

"हो," अलका सावकाश म्हणाली. "होतात कधी कधी."

मग तिने बहिणीच्या बॅगेचा एक बंद धरला, सुनीतीताईंनी दुसरा, आणि दोघी बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.